भुयार कुठे जातं?

परवा दुपारी गोव्यात, फोंड्याजवळच्या शापूरच्या साफा मशिदीच्या तळीपाशी एक बाप आपल्या पोराला सांगत होता, "हे भुयार थेट विजापूरला जातं." पोरगं हुशार. म्हणालं, "मग अनमोड घाट कसं चढतं?" बापाने विषय आइस्क्रीमवर नेला.

आमच्या लहानपणी हेच भुयार जवळच्याच कुठल्याशा हमामखान्यात निघायचं. आत्याच्या मते ते फोंड्याच्या किल्ल्यात निघायचं, कारण तिचं सासर किल्ल्याजवळ. आम्ही तळीकडे सरकलो की ती ओरडायची, "थंय वचूं नाका, भुंयार आसा!" खरी भीती पाण्याची होती, पण पाण्याला कोण घाबरतंय? भुयाराला मात्र आम्ही टरकून असायचो. तळीच्या भिंतीतले ते कमानीदार कोनाडे. प्रत्येकात एकेक तोंड आहे, असं आम्ही ठरवूनच टाकलं होतं. कमान दिसली की माणसाला पलीकडे काहीतरी हवंच असतं.

मशीद तशी लहानशी. उंच जोत्यावर चिऱ्याची एक खोली, वर उतरतं कौलारू छप्पर. मिनार नाही, घुमट नाही. आमच्या पावसात घुमटापेक्षा कौलंच बरी. फोंडा महालात अशा २७ मशिदी होत्या, असं सांगतात. मला तो आकडा भुयाराच्याच जातीचा वाटतो, पण असो.

साल मात्र पक्कं सांगितलं जातं, १५६०. मुलूख आदिलशाहीचा. आणि नेमक्या त्याच साली पलीकडे, पोर्तुगीजांच्या गोव्यात, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं. त्याच साली कुठ्ठाळीचा मंगेश जुवारी नदी ओलांडून प्रियोळला आला. पुढे केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. आज आपण गाड्या करून ज्या देवळांना जातो, त्यातली कितीतरी आदिलशहाच्या हद्दीत आसरा शोधत आली. इकडे मशिदीचे चिरे चढत होते, तिकडून देव येत होते.

भुयारातून पळणाऱ्या राजांच्या गोष्टी आपल्याकडे ढिगाने आहेत. देव घेऊन निघालेली माणसं मात्र साध्या होडीतून आली असणार, जीव मुठीत धरून. अलीकडच्या काठावर आदिलशाहीचा कुणी शिपाई उभा असेलच ना? त्याने काय विचारलं, गाठोड्यात काय दिसलं, हे कुठल्याच आत्याने सांगितलं नाही. बहुधा जकात घेतली असेल आणि दिलं असेल सोडून.