आज प्रायमरी असती तर...

अमेरिकेत सर्व्हेच्या फोनवर काम करायचं आणि उच्चार अस्सल मराठी, म्हणजे "तुम्ही भारतातून बोलताय का?" हा प्रश्न ठरलेलाच. २००८ साली कॉल सेंटरं भारतात गेल्याचा राग लोकांच्या मनात होताच. मी न्यू हॅम्पशायरमध्येच बसलेय, खिडकीबाहेर बर्फाचे ढीग दिसतायत, हे एकदा पटलं की माणसं मोकळी व्हायची. काही फोन आपटायची. त्यांचाही दोष नाही. प्रचाराचे आणि सर्व्हेचे मिळून त्या आठवड्यात घराघरात इतके फोन वाजत होते की मीसुद्धा आपटला असता.

अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे अमेरिकेत राज्याराज्यांतले मतदार ठरवतात. गुरुवारी, ३ जानेवारीला, डेमोक्रॅटिक पक्षाचं पहिलं राज्य, आयोवा, बराक ओबामांनी जिंकलं. हिलरी क्लिंटन तिसऱ्या, जॉन एडवर्ड्सच्याही किंचित मागे. आमची प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवण्याचं न्यू हॅम्पशायरचं मतदान, मंगळवारी, ८ तारखेला. एरवी एखाद्याने फोन उचलला नाही तर त्याला आम्ही वेगवेगळ्या वेळी पुन्हा पुन्हा गाठतो. इथे तेवढी सवड कुठली! जो सापडला तो घेतला आणि पुढे निघालो.

प्रश्न ठरलेला होता: "आज प्रायमरी असती तर तुम्ही कुणाला मत दिलं असतं?" उमेदवारांची नावं कॉम्प्युटर दर फोनला उलटसुलट करून द्यायचा, म्हणजे पहिल्या नावाला फुकटचा फायदा नको. "ठरलं नाही" असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न, "निदान कल कुणाकडे?" तिथे कुणी "ओबामा, बहुतेक" असं पुटपुटलं की तो ओबामांच्या खात्यात जमा. मत बदलू शकतं का, हेही आम्ही विचारत होतो, पण टीव्हीवर त्याचं उत्तर कोण दाखवणार!

शिवाय इथल्या मतदारांतला सगळ्यात मोठा गट कुठल्याच पक्षात नोंदलेला नसतो. तो मतदान केंद्रावर जाऊन हव्या त्या पक्षाची मतपत्रिका मागून घेतो. पक्षाचं तिकीट दिल्लीत ठरतं हे बघत वाढलेल्या मला याचं फार नवल वाटायचं. "कुठल्या पक्षाच्या प्रायमरीत मत देणार?" या पहिल्याच प्रश्नावर नॅशुआचा एक गृहस्थ अडला. ओबामा नाहीतर मॅकेन, म्हणाला. एक डेमोक्रॅट, दुसरा रिपब्लिकन, पण त्याच्या लेखी दोघेही एकाच तागडीत. गडगडून हसला आणि म्हणाला, केंद्रावर गेल्यावर बघू.

सोमवारी सकाळी पोर्ट्समथच्या एका कॅफेत कुणीतरी हिलरींना विचारलं, हे सगळं तुम्ही कसं निभावता? उत्तर देताना त्यांचा आवाज कापला, डोळे पाणावले. त्याच दिवशी सेलमच्या सभेत दोघा पुरुषांनी "माझा शर्ट इस्त्री कर" अशा घोषणा दिल्या. मी संध्याकाळी हेडसेट लावला तेव्हा दोन्ही बातम्यांचा टीव्हीवर नुसता मारा चालला होता.

त्या शिफ्टमधल्या एक आजीबाई अजून लक्षात आहेत. "ओबामांना," त्या म्हणाल्या. "निदान काल तरी ओबामांनाच देणार होते." मागे भांडी विसळल्याचा आवाज. "मग आज?" असं विचारायची मला मुभा नव्हती, कागदावर आहे तेच वाचायचं, आपल्या पदरचा शब्द घालायचा नाही. म्हणून मी तोच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून वाचला. नळ बंद झाला. "आयोवावाल्यांनी सगळं ठरवून टाकलंय म्हणे. मग आम्ही इथे कशाला आहोत?" थोडं थांबून, "लिही, हिलरी. पण मुलगा चांगला आहे हं तो." आणि शेवटी, "हनी, तू कुणाला देणार?" सांगायची परवानगी असती तरी काय सांगणार? ग्रीन कार्डवाल्यांना मत नसतंच.

असे फोन त्या संध्याकाळी मला बरेच आले. शेजारच्या टेबलांवरही तेच. ब्रेकमध्ये सुपरवायझरच्या कानावर घातलं तर तो शांतपणे म्हणाला, उद्या सकाळी जो आकडा जाईल तो तीन दिवसांची सरासरी असेल. शनिवार आणि रविवारपुढे एकट्या सोमवारचं काय चालणार? त्याचं चूक नव्हतं. एका खोलीतल्या आवाजांवरून कल सांगायचा तर सर्व्हे हवाच कशाला?

मंगळवारी हवा अचानक ऊबदार झाली, बर्फ वितळून रस्त्याचा चिखल झाला आणि मतदानाला ही गर्दी लोटली. मध्यरात्रीच डिक्सव्हिल नॉच या चिमुकल्या वस्तीत मोजणीही झाली होती: ओबामा ७, क्लिंटन ०. सगळ्या सर्व्हेंच्या सरासरीत ओबामा साधारण ८ टक्क्यांनी पुढे होते. रात्री निकाल लागला तो क्लिंटन ३९, ओबामा ३६. पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी मात्र दोघांनाही सारखेच, नऊ-नऊ. ओबामांनी हरल्यावर नॅशुआत केलेलं "येस वी कॅन"चं भाषण आज लोकांना जास्त आठवतं, ते वेगळं.

दुसऱ्या दिवशी जो तो अश्रूंवर बोलत होता. मला ते कधीच पटलं नाही. माझ्या फोनवर अश्रूंचा विषय काढणारे थोडे. "आयोवाचं आम्हाला सांगू नका" म्हणणारे कितीतरी जास्त. गोऱ्या मतदारांनी फोनवर काळ्या उमेदवाराचं नाव खोटंच सांगितलं, हा दुसरा सिद्धान्त. आमच्यापैकी कुणालाच तो खरा वाटला नव्हता. आणि त्याच फोनवरून, त्याच खोल्यांत बसून केलेले रिपब्लिकन सर्व्हे बरोबर आले होते, मॅकेन पुढे म्हटलं आणि मॅकेनच जिंकले, हे कुणी बोलेचना.

अमेरिकेतल्या सर्व्हेवाल्यांच्या संघटनेने चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल २००९ मध्ये आला. लोक खोटं बोलल्याचा पुरावा तिलाही सापडला नाही. शेवटच्या घटकेला ठरवणारे बरेच होते, हे एक कारण तिने दिलं. दुसरं वाचून मात्र मी खुर्चीत सरसावून बसले: जे मतदार सहज हाती लागत नव्हते, ज्यांना गाठायला पुन्हा पुन्हा फोन करावे लागत होते, त्यांच्यात क्लिंटनकडे झुकणारे जास्त दिसत होते. मतपत्रिकेवरच्या क्रमाचाही मुद्दा होता. आम्ही नावं फिरवून वाचत होतो, पण छापील मतपत्रिकेवर क्रम एकच, त्यात क्लिंटन वरच्या बाजूला आणि ओबामा पार खाली. त्याने नेमका किती फरक पडला यावर आमच्या धंद्यातली माणसं अजूनही भांडतात.