तळाचे धोंडे

मागच्या अंगणातल्या तळ्यात पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा ते तळं वाटेचना. खड्ड्यात कुणीतरी काळा रेनकोट पसरलाय आणि त्यात पाणी साचलंय, असं दिसत होतं. मिलिमीटरभर जाडीचं रबरी अस्तर, कोपऱ्यांत पडलेल्या त्याच्या चुण्या, काठावरून डोकावणारी चमकती कड. इतकं खणून कंबर धरली, आणि हाती आलं काय, तर एक मोठी पिशवी! मग ठरवलं, दगडांनी हे सगळं झाकून टाकायचं. एक टीचभर रबर दिसता कामा नये.

तोवर माझ्या लेखी दगड म्हणजे दगड. पण त्या दिवसांत माझी नजरच बिघडली. कुठेही गेलो तरी मान खाली. धारेचे, फुटक्या कडांचे दगड नकोत, अस्तराला भोक पडेल. वाहत्या पाण्याने गोल केलेले गोटे हवेत. एक पांढराशुभ्र, देखणा दगड फार आवडला होता. त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकले, तर तो फसफसायला लागला. म्हणजे चुनखडीचा. असा दगड पाण्यात थोडाथोडा विरघळतो आणि पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, वर ढकलत राहतो. सामू वाढला की माशांनीच सोडलेला अमोनिया त्यांना जास्त बाधतो. पाणी फारच मृदू असेल तर हाच दुर्गुण कामाला येतो म्हणा, पण माझं पाणी तसं नव्हतं. तो देखणा गडी आता दाराला अडसर म्हणून बसलाय.

दगड पाण्यात उतरवताना मजा वाटली. बाहेर २७ किलो भरणारा ग्रॅनाइटचा धोंडा पाण्यात बुडला की साधारण १७ किलोचाच लागतो. उरलेला भार पाणी उचलतं. तेव्हा मी स्वतःच्या ताकदीवर खूश झालो होतो. हाच धोंडा पुढे बाहेर काढायची वेळ येईल आणि पाण्याच्या पातळीवर येताच ते दहा किलो एकदम हातात उतरतील, हे काही तेव्हा सुचलं नाही. आणखी एक हिशेब राहून गेला. हजार किलो दगड टाकले की जवळजवळ पावणेचारशे लिटर पाण्याची जागा जाते. माशांच्या खोलीत मीच फर्निचर कोंबत होतो.

पण दिसायला काय दिसत होतं! तळाशी गोट्यांचा थर, वर नितळ पाणी, मध्ये केशरी गोल्डफिश. नदीचा तुकडा उचलून आणल्यासारखा.

काही महिन्यांनी एका संध्याकाळी सहज काठीने तळ ढवळला. बुडबुडे वर आले आणि त्यांच्यामागून सडक्या अंड्यासारखा भपकारा. माशांची विष्ठा, पानं, उरलेलं खाद्य, सगळं गोट्यांच्या फटींत जाऊन बसलं होतं आणि खाली प्राणवायूवाचून कुजत होतं. नदीत असं होत नाही, कारण तिथे पूर येतो, गोटे लोळतात, धुतले जातात. माझ्या नदीला एक पंप होता, तोही तळहाताएवढा.

दगडांच्या बाजूने बोलणारे सांगतात, दगडांवर उपयोगी जिवाणू राहतात. खरं आहे ते. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू पृष्ठभागाला चिकटूनच जगतात. पण त्यांनाही प्राणवायू लागतो, आणि गाळात गाडलेल्या गोट्याला तो मिळत नाही. पाणी सतत खेळतं अशा फिल्टरमध्ये ते जास्त सुखी. तेव्हा माझं मत विचाराल तर दगड काठावर, तळाशी नको.

मासे मोठ्या टबात हलवले आणि गोटे काढायला बसलो. दुसऱ्याच दिवशी हात दगडाखाली सापडणं म्हणजे काय, हे दोन बोटांना नेमकं कळलं. आणि मग दिसली ती गंमत. गोटे जिथे होते तिथलं रबर अजून काळंकुळकुळीत, नव्यासारखं. जिथे नव्हते तिथे शेवाळाचा मऊ हिरवट-तपकिरी थर, की खाली रबर आहे हे सांगूनही पटू नये. जे झाकायला मी पाठ मोडून घेतली, ते शेवाळाने फुकटात झाकलं होतं. उघडं रबर मी दगडांखाली जपून ठेवलं होतं.

काठावरचे दगड तसेच आहेत. तिथे ते रबराला उन्हापासून वाचवतात, आणि एक उतरता दगड बेडकांची पायरी झालाय. या काठावरच्या दगडांनीही एकदा दगा दिलाच. पाणी रोज दोन बोटं उतरू लागलं. भोक शोधत बसलो नाही. भर घालणं थांबवलं आणि पाणी कुठे थांबतं ते बघितलं. ते थांबलं त्या रेषेवर एका जड दगडाखालची माती खचून अस्तराची कड वाकली होती. भोकबिक काही नव्हतंच.

तळाचा एक धोंडा मात्र अजून तिथेच आहे. खाली अस्तराचा दुहेरी तुकडा घातलेला, पण मला एकट्याला तो हलत नाही. प्रयत्न म्हणून हात घातला की धोंड्याआडून सगळ्यांत मोठा मासा बाहेर येतो आणि बोटांना तोंड लावून बघतो, काही खायला आणलंय का.