आमची वाटचाल : मोकळ्या जागेचे पैसे

सांगलीत डीटीपीवाले, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावून देणारे, काय कमी नाहीत, गणपती पेठेपासून विश्रामबागपर्यंत हवे तेवढे सापडतील. आम्ही पण तसेच सुरू झालो. एक कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, पानं लावायला पेजमेकर, मराठी टायपिंगला श्रीलिपी आणि बटर पेपरचा गठ्ठा. लग्नपत्रिका, बिलबुकं, वास्तुशांतीची कार्डं. मालकीणही मीच, ऑपरेटरही मीच आणि प्रूफ घेऊन स्कूटीवरून जाणारी पण मीच.

वळण आलं ते आकृत्यांच्या कामांमुळे. अकॅडमीच्या नोट्स, भूमितीची गाइडं, कॉलेजची प्रॅक्टिकलची मॅन्युअल. ही कामं कुणी घ्यायला बघत नव्हतं, कारण पानाचा रेट तोच आणि डोकं मात्र चौपट लागतं. आमच्याकडे दुसरं काही नव्हतं म्हणून आम्ही घेतली, खरं सांगायचं तर.

तेव्हा पेजमेकरमध्ये टेक्स्ट रॅप (चित्राभोवती मजकूर वळवायची सोय) लावला की चारी बाजूंनी ०.१६७ इंच जागा आपोआप सुटायची, म्हणजे १२ पॉइंट (७२ पॉइंटांचा एक इंच). सगळे तेच ठेवायचे. पण चारी बाजूंना सारखी जागा सोडली की कॅप्शनचे हाल होतात. आकृतीपासून जेवढी लांब तेवढीच खालच्या मजकुरापासून, मग लग्नात कुणाच्या बाजूचा तेच कळेना अशा पाहुण्यासारखी ती मधेच उभी राहते. आम्ही पहिल्यापासून आकृती आणि कॅप्शनमध्ये ४ ते ५ पॉइंट आणि कॅप्शनच्या खाली किमान १२ असं धरलं, आजपण तेच धरतो. पोरं चित्राखालची ओळ चालू परिच्छेदात वाचत जात नाहीत, एवढा साधा हिशोब आहे.

चौकटींचं दुखणं वेगळंच. व्याख्येची चौकट केली आणि आत सगळीकडून ३ मिमी दिलं तरी वर जास्त आणि खाली कमी दिसतं, कारण आपली अक्षरं शिरोरेषेला लटकलेली. पहिल्या ओळीत वेलांटी नाही, रफार नाही, तर रेघेच्या वर नुसती पोकळी, आणि शेवटच्या ओळीत ‘मूलद्रव्य’ नाहीतर ‘पूर्णांक’ आला की तो दीर्घ ऊकार खालच्या बॉर्डरवर जाऊन टेकतो. पेजमेकरनंतर आलेल्या इनडिझाइनमध्ये तर फ्रेमची पहिली ओळ असेंटवर, म्हणजे फॉंटनं अक्षराच्या वरच्या बाजूला धरलेल्या उंचीवर, असते, आणि देवनागरी फॉंटचा असेंट मात्रा-वेलांटी धरून ठेवलेला, मग पोकळी अजून वाढते. तिथं असेंटऐवजी ‘फिक्स्ड’ निवडून आकडा स्वतः द्यायचा आणि वरचं इनसेट (चौकटीच्या आतली मोकळी जागा) खालच्यापेक्षा मिलिमीटरभर कमी ठेवायचं. नवीन आलेल्या पोरींना आम्ही पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो, टायपिंग नंतर.

मिरजेच्या सतारीवरची एक पुस्तिका केली होती त्याची आठवण निघतेच. उंच, सडपातळ चित्र, दोन्हीकडं भागांची नावं, आणि गिऱ्हाइकाला हौस की मजकूर सतारीच्या आकाराप्रमाणे वळत जावा. करून दाखवलं. भोपळ्याच्या शेजारी ओळीत दोन शब्द मावायचे, आणि तेव्हा मराठी शब्द ओळीच्या शेवटी आपोआप तुटत नव्हते म्हणून त्या दोन शब्दांमध्ये बोटभर खिंडार. त्यांनीच कपाळाला हात लावला. तेव्हापासून नियम, शेजारी चार शब्द नीट बसत नसतील तर मजकूर बाजूनं न्यायचाच नाही, चित्र सरळ वर-खाली जागा सोडून एकटं ठेवायचं. (ज्या मिरजेत १८०५ साली तांब्याच्या पत्र्यावर गीता छापली तिथलं काम आहे, जरा तोलामोलाचं नको का.)

आता पैशाचं. पानाप्रमाणे रेट असला की गिऱ्हाइकाला वाटणारच, की ह्या जागा सोडतायत म्हणजे पानं वाढवतायत. एका प्रकाशकांनी तोंडावर विचारलं, “काय वहिनी, गॅप सोडून सोडून पानं वाढवायला लागलाय व्हय?” त्यांचं पण चूक नाही, पुस्तक ९६ पानांत बसलं तर १६ पानी सहा फॉर्मे (एका कागदावर एकदम छापायच्या पानांचा गठ्ठा म्हणजे फॉर्मा), आणि ९८ झालं की दोन पानांसाठी कागद, प्लेट, बाइंडिंग सगळं हलतं. मी त्यांना आकृत्यांची जागा न छाटता बसवून दिलं. मजकुराचं लेडिंग (ओळी-ओळींमधलं अंतर) १५ पॉइंटवरून १४.५ केलं, पानाला ३४ ओळी धरल्या तर ९६ पानांत तीन पानं सुटतात आणि वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. पण त्या दिवशी ठरवलं की पानाचा रेट कमी करायचा आणि आकृतीचे, चौकटीचे नगाप्रमाणे वेगळे पैसे घ्यायचे. ओरड झाली, दोन-चार गिऱ्हाइकं गेली, जी राहिली ती अजून आहेत.

नंतर इंजिनिअरिंगची पोरं थिसिस घेऊन यायला लागली तसं लॅटेक (कमांड लिहून पानं लावायचं सॉफ्टवेअर) शिकावं लागलं, ते भाचीनं अंगावर घेतलं. तिथं गंमत अशी की जागा बऱ्यापैकी ठरलेल्या असतात, १० पॉइंटच्या अक्षराला पानाच्या वर-खाली बसलेल्या आकृती आणि मजकुरात २० पॉइंट, मजकुराच्या मधे बसली तर १२, आणि त्यापण थोड्या ताणता-आवळता येणाऱ्या. पोरं आकृती मधोमध आणायला आत सेंटरचं एन्व्हायर्नमेंट टाकतात, त्याची वर-खाली अजून जागा पडते, आणि मग ती घालवायला जिथंतिथं उणे व्हीस्पेस, म्हणजे उभी जागा कमी करायची कमांड, मारतात. गाइडनी दोन ओळी वाढवल्या की सगळं कोसळतं. त्याऐवजी नुसती ‘सेंटरिंग’ कमांड लिहिली की निम्मी कामं तिथंच मिटतात. टेबलची कॅप्शन वर घेतली की टेबलला चिकटते कारण कॅप्शनखालची जागा मुळात शून्य असते, ती एकदाच फाइलच्या सुरुवातीला द्यायची, प्रत्येक टेबलला नाही. इनडिझाइनमध्ये आम्ही हेच ऑब्जेक्ट स्टाइलनं, म्हणजे मापं एकदा ठरवून सगळ्या चित्रांना लावून, करतो. एंटर मारून जागा करणाऱ्याला आमच्याकडं चहा मिळत नाही.

सध्या द्राक्षबागेवरची एक पुस्तिका चालू आहे, रोगांचे फोटो आणि औषधांच्या चौकटी भरपूर, म्हणजे आमच्या आवडीचं काम. तुमचं काही असेल तर जरूर या, फक्त फोटो वर्डमध्ये चिकटवून पाठवू नका, वेगळ्या फाइली द्या, आणि कुठली कॅप्शन कुठल्या चित्राची ते नंबर घालून लिहा.