फळ्यावरची तुटक रेषा

बारावीला गुणसूत्राची रचना शिकवताना फळ्यावर चित्रांची एक ठरलेली रांग येते. हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनए, म्हणजे ११ नॅनोमीटरची न्यूक्लिओसोमची माळ. तिला पीळ बसून ३० नॅनोमीटरचा जाड धागा, मग आणखी घड्या, आणि शेवटी पूर्ण गुणसूत्र. त्यातला ३० नॅनोमीटरचा धागा मी आता तुटक रेषेने काढते.

१९७६ मध्ये फिंच आणि क्लुग या शास्त्रज्ञांनी हा पीळ मांडला, तो पेशीबाहेर काढलेल्या क्रोमॅटिनवरून, म्हणजे डीएनए आणि त्याच्या प्रथिनांच्या धाग्यावरून. बाहेर काढलं की क्षारांचं प्रमाण बदलतं आणि तसा धाग्याचा आकारही. मग पेशीच्या आत काय असतं? साध्या सूक्ष्मदर्शकाची नजर २०० नॅनोमीटरच्या आसपास अडते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात बारकावे दिसतात, पण केंद्रकातल्या गर्दीत डीएनए कुठला आणि नुसती प्रथिनं कुठली, हे ओळखणं कठीण. २००८ मध्ये झटक्यात गोठवलेल्या हीला पेशींच्या (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींच्या) कापांत विभाजनातली गुणसूत्रं तपासली गेली, तेव्हाही हा धागा दिसला नव्हता.

२०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटच्या क्लोडा ओशे यांच्या गटाने जी युक्ती केली, ती मी वर्गात अगदी रंगून सांगते. डीएनएला चिकटणारा एक रंग पेशीत सोडायचा. त्यावर प्रकाश पाडला की क्रियाशील ऑक्सिजन तयार होतो आणि त्यामुळे डायअमिनोबेंझिडीन या रसायनाचा थर नेमका डीएनएवरच बसतो. त्या थराला ऑस्मियम हा जड धातू चिकटला की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात फक्त डीएनए गडद उठून दिसतो. मग काप वेगवेगळ्या कोनांत तिरका करून प्रतिमा घ्यायच्या आणि त्यांतून त्रिमितीय चित्र उभं करायचं. या पद्धतीचं नाव क्रोमईएमटी.

मानवी पेशींत दिसली ती ५ ते २४ नॅनोमीटर जाडीची, वेडीवाकडी वळणारी साखळी. विभाजनाच्या वेळीही साखळी तीच, फक्त दाटी वाढलेली. एरवी केंद्रकात ती जागेनुसार १२ ते ५२ टक्के आकारमान व्यापते; विभाजनातल्या गुणसूत्रात ४० टक्क्यांहून जास्त. म्हणजे जनुकापर्यंत कोणतं प्रथिन पोहोचेल, हे ठरवण्यात या दाटीचा मोठा वाटा असावा. मला तर हे त्या नीटस पिळापेक्षा कितीतरी सुंदर वाटतं.

रेषा पुसून मात्र टाकत नाही. कोंबडीच्या लाल रक्तपेशींत आणि तारामाशाच्या शुक्रपेशींत ३० नॅनोमीटरचे धागे खरोखर सापडले आहेत.