गजावरची दुसरी खूण

पोलीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत ठासणीच्या दोन बंदुका भिंतीला टेकवून उभ्या होत्या. एकीचा बार माणसाला लागला होता, म्हणून ती कापडात गुंडाळून सीलबंद केलेली. दुसरी त्याच रात्री त्याच माणसांकडे मिळाली म्हणून जप्त झालेली, नुसतं लेबल लावून मोकळीच ठेवलेली. मला बोलावलं होतं ते पहिलीसाठी. प्रयोगशाळेत पाठवण्याआधी आर्मोररचं, म्हणजे पोलिसांच्या शस्त्रांची देखभाल करणाऱ्या माझं, प्राथमिक मत हवं होतं. पण खोलीत शिरताच नजर गेली दुसरीवर, कारण तिच्या निपलवर तांब्याची केप होती आणि घोडा त्या केपवर टेकलेला होता.

ज्यांचा बंदुकीशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ठासणीच्या बंदुकीत काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून आधी दारू, त्यावर काथ्याचा किंवा कागदाचा डाट, मग छर्रे, वर पुन्हा डाट, असं गजाने ठासत जायचं. नळीच्या बुडाशी निपल असते, तिच्यावर केप बसवायची. घोडा केपवर आपटला की ठिणगी निपलच्या भोकातून आत जाते आणि बार उडतो. घोडा खाली टेकवून ठेवला म्हणजे बंदूक ‘शांत’ झाली, असं पुष्कळांना वाटतं. खरं तर केप चढवलेल्या बंदुकीची ही सगळ्यात वाईट अवस्था. बंदूक घसरून पडली, घोड्याच्या पाठीवर काही आदळलं, तरी तेवढ्याने केप फुटू शकते. इथे तर दोन हात अंतरावर एक हवालदार जप्त मोटारसायकलींच्या चाव्या धुंडाळत होता.

“रिकामीच आहे, पंचनामा झालाय,” असं मला सांगण्यात आलं. पंचनाम्यात ‘बंदूक सुस्थितीत’ एवढंच होतं. भरलेली की रिकामी, हे लिहायचं कुणाला सुचत नाही. नंबर परवान्याशी जुळला की आमच्या खात्याचं समाधान होतं.

खोली रिकामी करायला लावली. नळीचं तोंड खिडकीबाहेरच्या चिऱ्यांच्या ढिगाकडे केलं. घोडा अंगठ्याने उचलून धरूनच ठेवला, खाचेवर विसंबलो नाही, आणि दुसऱ्या हाताने लाकडी काडीने केप उडवून काढली. मग गज आत सोडला. रिकाम्या नळीत गज बुडाला लागला की ‘टण्’ असा लोखंडाचा आवाज येतो. इथे ‘थप्प’ झालं. नळीच्या तोंडाशी गजावर नख धरलं, गज बाहेर काढला आणि नळीच्या बाहेरून लावून पाहिला. रिकाम्या बंदुकीत त्याचं टोक निपलच्या जवळ पोहोचायला हवं. नेहमीचा बार भरलेला असेल तर साधारण चार बोटं कमी पडतं. इथे चांगली आठ-नऊ बोटं कमी पडत होतं. तेव्हा मनात जे आलं ते कुणाला बोललो नाही. केप निघाली होती, तातडीचा धोका टळला होता. आधी ज्यासाठी आलो ते काम.

घटना अशी. तळकोकणातलं गाव, भात दाण्यावर आलेलं, रोज रात्री डुकरं कुणाचे ना कुणाचे कुणगे लोळवून जात होती. शेतसंरक्षणाचा परवाना असलेले दोन शेजारी राखणीला गेले, सोबत बॅटरी धरायला एकाचा पुतण्या. (हा परवाना बंदूक बाळगण्याचा असतो, डुक्कर मारण्याचा नव्हे. त्यासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते. दोन्ही कागद एकच समजणारे शेतकरी मला नेहमी भेटतात आणि त्यांना तसं समजू देणारे कारकूनही.) रात्रभर काही मिळालं नाही. पहाटे परतताना वाटेत कमरेएवढा गडगा लागला. पुतण्या उडी मारून पलीकडे गेला. काकाने हात मोकळे व्हावेत म्हणून बंदूक गडग्यावर आडवी ठेवली आणि तो वर चढायला लागला. गडगा म्हणजे जांभ्याचे दगड नुसते एकावर एक रचलेले, मधे चुना-सिमेंट काही नाही. दगड हलला, बंदूक सरकली, बार उडाला. अंतर चार-पाच फुटांचं. इतक्या जवळून छर्रे पसरत नाहीत, एकगठ्ठा जातात. पुतण्याच्या पोटरीत एकच मोठं भोक पडलं. त्याला गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात हलवलं, पाय वाचला.

काका पहिल्यापासून एकच सांगत होता, “सायबांनू, चापाक हात लावक नाय मी.” ठाण्यात हे ऐकून हसत होते. चापाला हात लावला असं सांगणारा आरोपी अजून कुणी पाहिलेला नाही, असं तपास अधिकारी म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं.

सील पंचांसमोर उघडलं. लॉक, म्हणजे घोड्याची आतली यंत्रणा, खोलून पाहणं हे प्रयोगशाळेचं काम, आपण स्क्रूला हात लावायचा नाही. पण बाहेरून दिसतं तेही कमी नसतं. घोड्याला अंगठा लावायची जी शेपटी असते तिच्यावर एक ताजा ओरखडा होता. बाकीची शेपटी वर्षानुवर्षांच्या घामाने काळी पडलेली आणि ओरखडा तेवढा चकचकीत. भिंग लावून पाहिलं तर त्या ओरखड्यात लाल पूड अडकलेली होती. जांभा. अंगठ्याने घोडा ओढताना तिथे जांभा येत नाही. घोडा दगडावर आपटला होता. तपास अधिकाऱ्यांच्या हातात भिंग दिलं, फोटो काढून घेतले आणि बंदूक कुणीही तेलाच्या फडक्याने पुसू नये असं लेबलवर मोठ्या अक्षरात लिहायला लावलं. मुद्देमाल चकाचक पुसून ठेवण्याची हौस काही शिपायांना असते.

मग अर्धा घोडा. घोडा थोडा मागे ओढला की पहिला ‘टिक्’ होतो तो अर्धा घोडा, पूर्ण मागे नेला की दुसरा. आत टंबलर नावाचा तुकडा घोड्याबरोबर फिरतो आणि त्याला दोन खाचा असतात. अर्ध्या घोड्याची खाच खोल आणि ओठ असलेली असते, चाप ओढल्यावर हलणाऱ्या सियर नावाच्या तुकड्याचं टोक तिच्यात अडकून बसतं. तिथून चाप ओढला तरी घोडा पडता कामा नये, हाच तिचा उपयोग. या खाचेचा ओठ झिजतो, तुटतो. कधी गावातला लोहार ‘चाप जड जातो’ म्हणून सियरवर कानस मारून देतो आणि पूर्ण घोड्याबरोबर अर्ध्याचीही वाट लावतो. निपलवर चामड्याची जाड चकती ठेवली, घोडा अर्ध्यावर आणला आणि चापाला न शिवता घोड्याच्या शेपटीवर अंगठ्याने पुढे दाब दिला. फार जोर लागला नाही. घोडा सुटून चकतीवर पडला. पुन्हा केलं, पुन्हा पडला. म्हणजे माणूस खरं बोलत होता. तसं मत लिहून दिलं: चाप न ओढता, घोड्यावर आघात झाल्यास बार उडणं शक्य.

त्याने तो निर्दोष ठरत नाही. केप चढवलेली बंदूक घेऊन गडगा ओलांडायला निघाला, तिथेच सगळं बिघडलं. अडथळा आला की आधी केप काढायची, निपलवर चामड्याची टोपी बसवायची आणि घोडा तिच्यावर उतरवायचा. बरोबर माणूस असेल तर एकाने दोन्ही बंदुका धरायच्या, तोंडं माणसांपासून दूर, दुसऱ्याने ओलांडायचं, मग बंदुका त्याच्या हातात द्यायच्या. एकटा असेल तरी बंदूक गडग्यावर ठेवायची नाही. आणि नळी धरून स्वतःकडे कधीही ओढायची नाही. यातलं काहीच अवघड नाही, केप परत बसवायला दोन सेकंद लागतात.

दुपारी दुसरी बंदूक मुख्यालयाच्या कार्यशाळेत आणली, लेखी पत्र आणि पंच यांच्यासह. व्हाइसच्या पकडीत लाकडाच्या फळ्यांमधे धरली, तोंड वाळूच्या पोत्यांकडे. निपलच्या आट्यांवर तेल सोडून तासभर थांबलो, मग चावीने ती काढली. त्या भोकातून पाणी सोडलं. काळ्या दारूतला सोरा पाण्यात विरघळतो आणि दारू मरते, पण तिला भिजायला वेळ द्यावा लागतो. इथे घाई करणारे हात गमावतात. तापवणं, ड्रिल घालणं, लोखंडी गजाने ठोकणं, नळीत डोळा घालून बघणं, यातलं काहीही करायचं नाही. मग गजाच्या टोकाला पितळी मळसूत्र बसवून वरचा डाट फिरवत ओढला. काथ्या आला, छर्रे परातीत ओतले, खालचा डाट आला, काळा चिखल आला. आणि त्याच्या खाली पुन्हा काथ्या. पुन्हा छर्रे. पुन्हा डाट आणि दारू.

एकावर एक असे दोन बार होते. नळी कोरडी करून आत दिवा सोडला तर बुडाकडे गंजाचे खड्डे. ही बंदूक उडाली असती तर नळी बुडाशी फाटली असती, आणि मारणाऱ्याचा डावा हात आणि चेहरा त्याच जागेच्या जवळ असतो. पुतण्याला लागलं त्यापेक्षा हे वाईट झालं असतं.

असं होतं कसं? कोकणातल्या दमट हवेत दारू ओल धरते, निपलचं भोक काजळीने बुजतं. केप फुटते पण बार धरत नाही. शेजारच्याने त्याच क्षणी बार काढलेला असेल तर त्या आवाजात आपलाच उडाला असं वाटतं. मग माणूस घाईत वरून नवा बार ठासतो. हे अडाणीपणाचं लक्षण नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर मैदानातून गोळा केलेल्या सुमारे २७,००० बंदुकांपैकी २४,००० च्या आसपास भरलेल्या होत्या आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक बंदुकांत एकापेक्षा जास्त बार होते. ते तर कवायत केलेले शिपाई. बार धरला नाही तर नळी त्याच दिशेला धरून मिनिटभर थांबायचं, कारण तो उशिराही उडू शकतो. मग सुईने निपल साफ करून नवी केप. दारू नवी घालायची नाही. आणि गजावर कानशीने दोन खुणा करून ठेवायच्या: एक रिकाम्या नळीची, दुसरी एका बाराची. गज आत सोडल्यावर दुसरी खूण नळीच्या तोंडाबाहेर वर राहिली, तर आत दोन बार आहेत. फुकटचं काम आहे. तपासणीला येणाऱ्या बंदुकांत अशा खुणा केलेला गज क्वचित दिसतो.

मूळ दुखणं वेगळंच आहे. काडतुसाची बंदूक उघडली की काडतूस हातात येतं. ठासणीची रिकामी करायची तर बार उडवायचा किंवा मळसूत्राने ओढायचा. मळसूत्र कुणाकडे नसतं. पहाटे गावात बार उडवला तर शेजारी ओरडतात, दारू वाया जाते. म्हणून भरलेली बंदूक तशीच घरी येते आणि वाशाला टांगली जाते. १९५९ च्या शस्त्र कायद्यानेच पीकरक्षणासाठी मुख्यतः ठासणीची बंदूक नेमून दिली आहे, पण ती रिकामी कशी करायची हे कुणी शिकवत नाही. २०१६ च्या नियमांनी नव्या अर्जदारांना सुरक्षा प्रशिक्षण आणलं, ते आम्ही देतोही, पण बाराबोअरच्या काडतुसी बंदुकीवर आणि पिस्तुलावर. आजोबांचा परवाना वारसाने आलेला माणूस ठासणीचीच घेऊन शेतात जातो. २०२४ च्या विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, ऐन कापणीत बंदुका ठाण्यांत जमा करायची वेळ आली. जमा करून घेताना प्रत्येकीत गज सोडून बघा असं मी सांगतो. त्याने रांग वाढते, म्हणून ठाणेवाल्यांना ते आवडत नाही.

दोन बारांची गोष्ट अहवालात हवी की नको यावर थोडी बाचाबाची झाली. तपास अधिकाऱ्यांचं म्हणणं, गुन्हा पहिल्या बंदुकीचा, दुसरीचा मालक साक्षीदार आहे, त्याच्या गळ्यात फास कशाला? मी स्वतंत्र टिपण जोडलं आणि नळी बाद करावी असं लिहिलं. मालकाला फोटो दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, आजोबांच्या वेळेपासून हीच नळी आहे, कधी काही झालं नाही. बंदूक परत मिळावी म्हणून त्याने कोर्टात अर्ज केला आहे. निकाल लागेपर्यंत ती आमच्या कोतात, म्हणजे शस्त्रांच्या कोठारात, आहे आणि निपल काढून वेगळ्या पाकिटात ठेवली आहे.