तेवीसनं जातंय की!

आठवीवर ऑफ तास मिळाला की मी पुस्तक उघडत नाही. परवा फळ्यावर कोल्हापूरचा पिन कोड लिहिला, ४१६००१, आणि म्हटलं, मूळ अवयव पाडा.

अंकांची बेरीज बारा, म्हणजे तीननं भाग जाणार, हे शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना जमलं. उरले १,३८,६६७. मग सात, अकरा, तेरा, सतरा, एकोणीस झाले आणि हुशार पोरांनी "मूळ संख्या, सर!" म्हणत पेनं खाली ठेवली. दर वर्षी हेच होतं. पाढे विसापर्यंतच येतात, म्हणून पोरं एकोणिसाला थांबतात. खरं तर ३७२ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लावून बघायला हव्यात. ३७३ चा वर्ग या संख्येच्या पुढं जातो.

"सर, तेवीसनं जातंय की."

ही मुलगी एरवी बोलत नाही. लक्ष्मीपुरीत वडिलांचं धान्याचं दुकान, आजीनं तिसापर्यंत पाढे पाठ करून घेतलेले. तिनं भागाकार मांडलाच नव्हता. "एकशे अडतीस म्हणजे तेवीस सक. सहाशे सदुसष्ट म्हणजे सहाशे नव्वदला तेवीस कमी, तेवीस एकोणतीस." उत्तर ६०२९. चाचणीत 'पायऱ्या नाहीत' म्हणून हिचेच गुण कापले जातात. पाढ्यांना घोकंपट्टी म्हणून हिणवणाऱ्या प्रशिक्षणवाल्यांनी हे बघायला हवं होतं.

६०२९ नं मात्र दमवलं. एकोणिसापर्यंतच्या मूळ संख्या आधीच बाद (१,३८,६६७ ला ज्या भागत नाहीत, त्या त्याच्या अवयवाला कुठून भागणार?), म्हणून २३ ते ७३ एवढ्याच तपासल्या. ६७ × ९० = ६०३०, एकानं हुकलं! शेवटी ठरलं: ४१६००१ = ३ × २३ × ६०२९. तीन वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार, म्हणून स्फेनिक. विभाजक आठ, स्वतःला वगळून बाकीच्यांची बेरीज १,६२,८७९ च, म्हणजे संख्येपेक्षा कमी भरते, म्हणून न्यून संख्या.

सगळे वह्या मिटायला लागले तेव्हा तीच म्हणाली, "पण सर, कुणी दुसरीकडनं सुरुवात केली, तर त्याला दुसरेच अवयव मिळणार नाहीत कशावरून?"

पोरं हसली. मला त्यांचा राग आला. मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, याची नीट मांडलेली सिद्धता जर्मन गणिती गाउसच्या १८०१ च्या ग्रंथात आहे, आणि आपण शाळेत ते गृहीत धरून पुढं जातो. मी तिला म्हटलं, फक्त सम संख्याच आहेत असं धर. ३६ म्हणजे ६ × ६, आणि २ × १८ सुद्धा. २, ६, १८ यांचे सम संख्यांत आणखी अवयव पडत नाहीत. म्हणजे एकाच संख्येची दोन उत्तरं झाली की नाही?

"मग आपल्या संख्यांत तसं का होत नाही?"

मूळ संख्या एखाद्या गुणाकाराला भागत असेल, तर गुणलेल्या दोनपैकी एकीला भागतेच, आणि हे युक्लिडच्या मसाविच्या रीतीतून निघतं. पण आठवीतल्या पोरीला हे कसं दाखवायचं, त्याचीच जुळवाजुळव चाललीय. तिच्या दुकानातल्या तराजूपासून सुरुवात करीन म्हणतो: मापं फक्त २३ किलो आणि ७ किलोची असली, तरी त्यांचा मसावि एक असल्यानं एक किलो धान्य मोजून देता येतं. पोत्यात चार वेळा तेवीस घाल, तेरा वेळा सात काढ.