आमची वाटचाल : जुन्या मदरबोर्डांचं काम आम्ही कसं करतो

जालन्यात आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान उभं राहिलं ते फुगलेल्या कपॅसिटरच्या कामावर. कपॅसिटर म्हणजे वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारी बोर्डावरची छोटी डबी. साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या अनेक मदरबोर्डांत सदोष इलेक्ट्रोलाइटचे, म्हणजे आतल्या वाहक द्रवाचे, कपॅसिटर बसले होते. त्या इलेक्ट्रोलाइटमध्ये पाण्याचं प्रमाण जास्त असायचं. अ‍ॅल्युमिनियमला गंजण्यापासून वाचवणारी रसायनं त्यात नीट नसली की आत हायड्रोजन तयार होतो, डबी फुगते, माथ्यावरची खाच उघडते आणि तपकिरी द्रव बाहेर येतो. तेव्हा ‘बोर्ड बदला’ हेच उत्तर सगळीकडे मिळायचं. आम्ही बोर्ड दुरुस्तीला घेऊ लागलो आणि तेच काम आजही करतो, फक्त गिऱ्हाईक बदललं आहे.

घरचे संगणक आता या कामासाठी येत नाहीत. येतात ते वजनकाट्यांचे, रोलिंग मिलचे, जिनिंगचे आणि वाळूज-चिकलठाण्याच्या वर्कशॉपमधले. त्यांच्या बोर्डावर आयएसए हा जुन्या प्रकारचा स्लॉट असतो, त्यात मशीनचं कार्ड बसलेलं असतं. सॉफ्टवेअर डॉस किंवा विंडोज ९८ वर चालतं, डाँगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची किल्ली) पॅरलल पोर्टला, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या जोडणीला, लागतो. नव्या साध्या संगणकाला यातलं बहुतेक काही सहज जोडता येत नाही. त्यामुळे बोर्ड बंद पडला की मशीनही बंद. अशा ठिकाणी वीसेक कपॅसिटर बदलून बोर्ड चालू करणं हाच शहाणपणाचा मार्ग आहे, असं आमचं ठाम मत आहे.

बिघाडाची लक्षणं ठरलेली असतात. हिवाळ्यात सकाळी मशीन पहिल्या बटणाला सुरू होत नाही, चार-पाच वेळा दाबल्यावर होतं. थंडीत इलेक्ट्रोलाइटमुळे कपॅसिटरचा अंतर्गत रोध, म्हणजे ईएसआर, वाढतो म्हणून असं घडतं. पंखा फिरतो पण डिस्प्ले नाही, काम वाढलं की आपोआप रीस्टार्ट, फाइल कॉपी करताना खराब होणं, हीसुद्धा त्याचीच लक्षणं. माथा सपाट दिसतो म्हणून कपॅसिटर चांगला असं समजू नये. काहींचं खालचं रबर बाहेर ढकललं जातं आणि डबी तिरकी होते, काही तर बाहेरून अगदी ठीक दिसतात. बोर्डावर बसलेला कपॅसिटर मोजून खात्री होत नाही, कारण शेजारचे समांतर जोडलेले असतात. म्हणून एका गटातला एक फुगला असेल तर आम्ही तो पूर्ण गट बदलतो.

सगळ्यात जास्त चुका खरेदीत होतात. सीपीयूभोवतीचा भाग ५ किंवा १२ व्होल्ट सेकंदाला दोन-तीन लाख वेळा तोडून दीड व्होल्टच्या आसपास आणतो. इथे लो-ईएसआरच लागतो. साधा कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा (क्षमतेचा) असला तरी या प्रवाहात तापतो आणि लवकर जातो. पॅनासॉनिकची एफआर मालिका किंवा निचिकॉन, रुबिकॉन, केमिकॉन यांच्या लो-ईएसआर मालिका आम्ही अधिकृत वितरकाकडूनच मागवतो. वरचं आवरण बदलून विकलेला जुना माल बाजारात भरपूर आहे, म्हणून आलेला माल एलसीआर मीटरवर (कपॅसिटरची क्षमता आणि रोध मोजणाऱ्या) तपासल्याशिवाय खणात जात नाही. मायक्रोफॅरड छापील आकड्याच्या अधिक-उणे २० टक्क्यांत हवेत.

व्होल्टेज मूळच्या इतकं किंवा जास्त, कमी कधीच नाही. १२ व्होल्टच्या ओळीवर (वीजवाहिनीवर) १६ व्होल्टचा, ५ व्होल्टवर ६.३ किंवा १० चा. व्यासही पाहावा लागतो : ८ मिलिमीटरच्या डबीच्या पायांत ३.५ मिलिमीटर अंतर असतं, १० मिलिमीटरच्या डबीला ५. उंची हीटसिंकला अडणार नाही हेही आधी बघायचं. सीपीयूच्या बाजूला पॉलिमर (द्रवाऐवजी घन वाहक असलेला कपॅसिटर) बसवायचा असेल तर मायक्रोफॅरड कमी असले तरी अनेकदा चालतं, कारण त्याचा ईएसआर खूप कमी असतो. मात्र व्होल्टेज ठरवणाऱ्या काही जुन्या रेग्युलेटरचं स्थैर्य मूळच्या ईएसआरवर अवलंबून असतं, त्यामुळे नंतर स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) पाहावंच लागतं. आणि २.५ व्होल्टचा पॉलिमर चुकूनही ५ किंवा १२ व्होल्टच्या जागी जाता कामा नये.

कपॅसिटर काढण्याआधी बायॉसच्या (संगणक सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामच्या) सेटिंग्ज कागदावर उतरवतो, विशेषतः हार्डडिस्कचे सिलिंडर, हेड आणि सेक्टर. बोर्डावरचा सीआर २०३२ सेल संपलेला असेल तर त्या पुसल्या जातात आणि जुनी डिस्क मग ओळखली जात नाही. बोर्डाचा फोटोही घेतो. छापील खुणेत रंगवलेली बाजू बहुतेक बोर्डांवर ऋण असते, काहींवर मात्र ती धन असते. उलटा बसलेला कपॅसिटर वीज देताच फुटतो.

आता खरं हाताचं काम. बोर्ड चार किंवा जास्त थरांचा असतो, आणि ग्राउंडच्या पायाला जोडलेलं आतलं तांबं सगळी उष्णता ओढून घेतं. २५ वॉटच्या साध्या आयर्नने सोल्डर वितळतच नाही, मग माणूस जोर लावतो आणि छिद्राच्या आतलं तांब्याचं अस्तर पायाबरोबर उपटून येतं. आतल्या थराची जोडणी तिथेच तुटते. म्हणून ६० वॉटचं तापमान-नियंत्रित सोल्डरिंग स्टेशन, रुंद छिन्नीसारखं टोक आणि ३७० ते ४०० अंश. आधी फ्लक्स (सोल्डर नीट वाहावं म्हणून लावायचं रसायन) लावून जुन्या सांध्यावर ६३/३७ चं (कथिल-शिशाचं) ताजं सोल्डर घालतो. ते १८३ अंशांना वितळतं, शिसंविरहित सोल्डर २१७ च्या पुढे, दोन्ही मिसळले की सांधा लवकर सुटतो. एक पाय तापवून डबी किंचित झुकवायची, मग दुसरा, असं आळीपाळीने. ओढायचं नाही.

छिद्र मोकळं करायला एका बाजूने आयर्न आणि दुसऱ्या बाजूने सोल्डर ओढणारा पंप. तरी सोल्डर राहिलं तर स्टेनलेस स्टीलची बारीक सुई, तिला सोल्डर चिकटत नाही. ड्रिल वापरू नये. सांडलेला इलेक्ट्रोलाइट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने धुवायचा, तो राहिला तर बारीक ट्रॅक गंजतात. नवा कपॅसिटर बोर्डाला टेकवून बसवायचा, सोल्डर दोन्ही बाजूंना दिसलं पाहिजे.

वीज देण्याआधी ५ आणि ३.३ व्होल्टची ओळ ग्राउंडशी शॉर्ट नाही ना, हे मल्टिमीटरवर पाहायचं. सीपीयू बसवलेला असताना त्याच्या ओळीवर एक-दोन ओहम दाखवले तर घाबरायचं कारण नाही. मग मेमटेस्ट, म्हणजे मेमरी तपासणारा प्रोग्राम, रात्रभर. एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) मात्र आमच्याकडे बोर्डाबरोबरच आला पाहिजे. त्यातला स्टँडबायचा छोटा कपॅसिटर कोरडा पडलेला असला तर दुरुस्त बोर्डही पुन्हा जातो. १२ व्होल्टवर तरंग (व्होल्टेजची बारीक चढउतार) १२० मिलिव्होल्टच्या आत आणि ५ व्होल्टवर ५० च्या आत हवा, तो आम्ही स्कोपवर मोजतो. एसएमपीएस उघडताना आतला मोठा कपॅसिटर आधी डिस्चार्ज करायचा, वायर काढल्यावरही त्यात जीवघेणं व्होल्टेज असू शकतं.

मराठवाड्यातल्या उन्हाचा हिशोबही धरावाच लागतो. १०५ अंशांना २००० तास टिकणारा कपॅसिटर दर दहा अंश कमी झाले की ढोबळमानाने दुप्पट टिकतो. डबी ६५ अंशांवर राहिली तर ३२,००० तास, ७५ वर १६,००० तास. चोवीस तास चालणाऱ्या काट्यावर हा फरक पावणेदोन वर्षांचा आहे. मे महिन्यात काट्याच्या पत्र्याच्या खोलीत आणि सरकीच्या तुसाने बुजलेल्या पंख्यामागे हे दहा अंश सहज वाढतात. रोलिंग मिलची धूळ तर लोखंडाची, ती पायांमधून वीजही वाहून नेते. म्हणून दुरुस्तीबरोबर पंखा बदलून कॅबिनेटला जाळी बसवूनच आम्ही मशीन परत देतो.

ट्रॅक आतून गंजला असेल किंवा बोर्डाचा थर जळून काळा पडला असेल तर काम घेत नाही, तसं आधीच सांगतो. कपाटात जादा बोर्ड ठेवणाऱ्यांनी तो दर सहा महिन्यांनी दोन-तीन तास चालवावा. न वापरलेल्या कपॅसिटरमधला ऑक्साइडचा थर कमकुवत होतो, वीज मिळाली की तो पुन्हा भरतो.